व्याह्यांचा दिवा आणि बटणफुलं

मोरोपंतांच्या घरी समुद्र आला तो एस.टी.च्या टपावरून. दोन कॅन खारं पाणी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची पेटी आणि ओल्या गोणपाटात बांधलेला एक दगड, असा तो सुटासुटा आला आणि पेणच्या स्टँडवर हमालाने तो उतरवताना "काय हाय यात, मासली?" असं विचारलं. पुष्करने "नाही, फुलं आहेत," असं उत्तर दिलं. हमालाने दगड हातात तोलून पाहिला आणि पुढे काही विचारलं नाही. पेणमध्ये शहाणी माणसं अजून शिल्लक होती ती अशी.

पुष्कर म्हणजे मोरोपंतांचा धाकटा. मुंबईला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होता, आणि त्यातही समुद्रात खडकाला चिकटून बसणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास. मोरोपंतांनी पेणच्या एका हायस्कुलात जन्मभर सायन्स शिकवून नुकतीच निवृत्ती घेतली होती, त्यामुळे या विषयावर बोलायचा अधिकार आपल्याला आहे असं त्यांना वाटे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की जो प्राणी स्वतः जागचा हलत नाही, तो या पोराला आयुष्यात पुढे कुठे नेणार? धाटावला एवढ्या केमिकलच्या कंपन्या आहेत, केमिस्ट्री घेतली असती तर जेवायला घरी आला असता. हे त्यांनी पुष्करला इतक्या वेळा ऐकवलं होतं की बापलेकांत आता बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. पुष्कर घरी आला की आईशी बोले, आणि वडिलांच्या प्रत्येक वाक्यावर, ते बरोबर असलं तरी, मान आडवी हलवे.

म्हणून त्या दिवशी पुष्कर जेव्हा म्हणाला, "बाबा, मी तीन महिने ट्रेनिंगला तुतिकोरिनला चाललोय, हे तुम्ही सांभाळाल का?" तेव्हा मोरोपंतांना आनंद झाला आणि तो लपवायला त्यांना चष्मा पुसावा लागला.

दगड पेटीत ठेवला, पाणी निवळलं, आणि खिडकीतून उजेड आत आला तसं दगडावर काहीतरी हललं. शर्टाच्या बटणाएवढे तपकिरी-हिरवे गोळे हळूहळू उघडले आणि प्रत्येकाला कडेने झालर फुटली. रेवदंड्याच्या पलीकडच्या खडकांवरून पुष्करने ते ओहोटीला आणले होते. त्याने एक लांबलचक लॅटिन नाव सांगितलं. ते कोणाच्याही तोंडात बसेना, तेव्हा मोरोपंतांच्या पत्नी वृंदाताई म्हणाल्या, "बटणफुलं म्हणू या." तेच नाव राहिलं.

"बाबा, हा माझा प्रोजेक्ट आहे," निघता निघता पुष्कर म्हणाला. "हे गेलं तर माझं वर्ष गेलं. खिडकीतला उजेड जरासा कमी पडतोय, वरून एक बरा लाईट बघून बसवा. पाणी कमी झालं की भर घाला. बाकी काही करू नका." आणि पनवेलची गाडी लागली म्हणून तो धावत सुटला.

'एक बरा लाईट.' वाक्य लहान होतं. पण ज्याने जन्मभर पाच मार्कांच्या प्रश्नाला दोन पानं उत्तर अपेक्षिलं, त्याला ते लहान कसं वाटणार?

मोरोपंतांनी आधी शंभरचा पिवळा बल्ब लावून पाहिला. बटणफुलं उघडली, पण पूर्वीपेक्षा कमी. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. मग बाजारात जाऊन त्यांनी ट्यूबलाइट मागितली. दुकानदाराने विचारलं, "दुकानासाठी का देवघरासाठी?" मोरोपंत म्हणाले, "समुद्रासाठी." दुकानदार त्यांचाच विद्यार्थी होता, म्हणून त्याने आदराने दोन ट्यूबा काढल्या. बटणफुलांनी एक दिवस कौतुक केल्यासारखं केलं आणि पुन्हा मिटायला सुरुवात केली.

ही बातमी आळीत कधी पसरली ते कळलं नाही, पण त्या आठवड्यात मोरोपंतांच्या ओटीवर जेवढी माणसं येऊन गेली तेवढी त्यांच्या निरोपसमारंभालाही आली नव्हती. माणूस सल्ला देतो तेव्हा त्याच्या मनात खरोखर काय आहे ते बाहेर पडतं. बँकेतले शेजारी म्हणाले, दगड बदला. समोरच्या गिरजाबाई म्हणाल्या, दृष्ट काढा. आणि शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातली नमिता, जिने दहावीला सायन्समध्ये जेमतेम पास होऊन मूर्तींचे डोळे आखण्यात मात्र नाव काढलं होतं, ती पेटीपाशी बसली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "सर, उजेडात निळं कमी आहे. समुद्रात सगळं निळं असतं ना? ट्यूबला निळा हात मारून देऊ?"

मोरोपंतांना हे पटलं. शास्त्रात बसत होतं. नमिताने एका ट्यूबवर मूर्तीच्या शेल्याचा निळा रंग असा सफाईने मारला की वृंदाताई म्हणाल्या, "वर थोडी जर पण काढ गो." संध्याकाळी ट्यूब लागली. सबंध ओटी निळी झाली. वृंदाताईंनी निळ्या उजेडात निळा वरणभात वाढला आणि मोरोपंतांनी तो विज्ञानासाठी खाल्ला. बटणफुलं मात्र आणखी मिटली.

पाण्याकडे मोरोपंतांचं लक्ष नव्हतं असं नाही. दिवे तापत, पाणी खाली जाई, आणि पुष्करने भर घालायला सांगितलं होतं. जीव समुद्रातला, तेव्हा भर समुद्राच्याच पाण्याची हवी, एवढं कोणालाही कळतं. त्यासाठी त्यांनी काळुरामला गाठलं होतं. काळुराम खाडीकडच्या मिठागरात कामाला, आणि त्याची मुलगी भाविका मोरोपंतांच्या हाताखाली शिकली होती. तो दर दोन-तीन दिवसांनी सायकलला कॅन लावून येई, स्वतःच्या हाताने पेटी काठोकाठ भरी आणि म्हणे, "मास्तर, पान्याची काळजी नाय करायची. एक नंबर पानी हाय." त्याचं बोलणं पाण्यापुरतंच असे. दिव्यांबद्दल तो काही बोलला नाही, म्हणून मोरोपंतांना तो या सगळ्या प्रकरणातला एकमेव समंजस माणूस वाटला.

एप्रिलच्या उन्हात पुष्करचा फोन आला. "उघडतात ना फुलं?"

"उघडतील," मोरोपंत म्हणाले.

पुष्करने लगेच विचारलं, "बाबा, लाईट कुठला लावलाय?"

"त्याच्यावर काम चालू आहे," असं म्हणून त्यांनी फोन वृंदाताईंच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोह्याच्या पापडांची पिशवी घेऊन रोह्याच्या गाडीत बसले.

रोह्याला त्यांची मुलगी आसावरी दिली होती. तिचे सासरे, म्हणजे मोरोपंतांचे व्याही हैबतराव, धाटावच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकलचे फोरमन होते. हैबतरावांचा हिशोब मांडायचा तर जमेला त्यांचं मन मोठं होतं, हात सढळ होता, सुनेवर माया होती. नावे बाजूला एकच गोष्ट होती, पण ती सगळी जमा खाऊन टाकी. त्यांनी दिलेली वस्तू घरात कुठे आहे, चालू आहे का, आणि तिचं कौतुक कोणी कोणी केलं, याची ते वर्षानुवर्षं चौकशी करत. आसावरीच्या लग्नात मोरोपंतांना दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळाचा ते अजून फोनवर आवाज ऐकत.

"ट्यूब?" हैबतराव झोपाळ्यावर बसून हसले. "मोरोपंत, ट्यूब म्हणजे काय उजेड आहे? तो तर नुसता रंग!" आणि आत जाऊन त्यांनी कंपनीच्या भंगारातून रीतसर घेतलेला एक मर्क्युरी दिवा आणला. दिवा दुधीभोपळ्याएवढा होता आणि त्याचा चोक विटेसारखा जड. "आमच्या यार्डात हा लागला की शिफ्ट सुटलेला माणूस स्वतःच्या सावलीला घाबरतो. तुमची फुलं काय, कळ्यासुद्धा राहायच्या नाहीत!"

मोरोपंतांनी आढेवेढे घेतले. आसावरी चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "बाबा, घ्या हो. नाही म्हणालात तर पाऊस पडेपर्यंत मी ऐकत बसेन."

झालं. खांब गावावरून पेणला जाणाऱ्या गाडीत मोरोपंत दिवा मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, "बाळ किती वर्षांचं?" आणि सबंध गाडी हसली. सायन्सचे मास्तर म्हणून ज्यांनी पेणमध्ये कधी कोणाला हसू दिलं नाही, त्यांनी नागोठणं येईपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं.

दिवा लागला. लागला म्हणजे आधी गुलाबी झाला, मग घुमायला लागला, मग असा पेटला की आळीतल्या कोंबड्या पुन्हा बाहेर आल्या. त्याच क्षणी समोरच्या गिरजाबाईंच्या घरातला बल्ब मंद होऊन काजव्याएवढा उरला. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, त्याने वर पाहिलं, आणि मोरोपंतांना विजेच्या ऑफिसात बोलावणं आलं.

साहेब वयाने तरुण आणि स्वभावाने सरळ होते. "काका, हा दिवा घरगुती का व्यापारी?"

"घरगुती."

"कशासाठी?"

"पेटीतल्या प्राण्यांसाठी."

"विकता?"

"नाही."

"मग खाता?"

"अहो, नाही!"

"मग ठेवता कशाला?" साहेबांनी हे खोचून विचारलं नव्हतं, त्यांना खरंच कळत नव्हतं. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. "असं करा, गणपतीचं काम म्हणा. पेणमध्ये जास्तीचा दिवा म्हणजे गणपतीचं काम, कोणी काही विचारत नाही."

"खोटं सांगू?" मोरोपंत ताठ झाले. "मी सायन्सचा शिक्षक आहे."

शेवटी आळीत इतर घरी जेवणं चालू असताना दिवा लावायचा नाही, एवढ्यावर ते निभावलं. मोरोपंत निघाले तेव्हा साहेबांनी "फुलं उघडली की कळवा हां," असं म्हटलं, ते मोरोपंतांच्या फार मनाला लागलं.

मग एका सकाळी नमिता धावत घरी आली. तिच्या कारखान्याची खिडकी मोरोपंतांच्या ओटीसमोरच होती. संध्याकाळी काम करताना व्याह्यांच्या दिव्याचा पांढरा उजेड तिच्या मूर्तींवर पडे आणि त्यात गणपतींचे गाल हिरवट, आजारी दिसत. तिने बिचारीने प्रत्येकाला गुलाबी हात जास्त मारला. सकाळी उन्हात पाहिलं तर सबंध फळी लाजलेली! कानापर्यंत लाल झालेले पन्नासएक गणपती ओळीने बसले होते. मोरोपंतांना अपराधी वाटलं. ते म्हणाले, "दिवा काढतो आजच."

"काढू नका, सर!" नमिता म्हणाली. "मुंबईचे व्यापारी आले होते. म्हणाले, यंदा तुझ्या मूर्तींवर काय तेज आहे! अजून शंभर पाहिजेत त्यांना अशाच."

अशा रीतीने दिव्याला दोन आश्रयदाते झाले. रोह्याहून हैबतराव फोनवर विचारत, "लागला ना?" आणि शेजारून नमिता विचारी, "लावला ना?" दिवा ज्यांच्यासाठी आणला होता ती बटणफुलं मात्र आता दगडावर चामखिळीसारखी गच्च मिटून बसली होती. कडेची दोन-चार गळूनही गेली. मोरोपंतांची झोप उडाली. पोराचं वर्ष आपल्या हातून जाणार, आणि तेही ज्या विषयाला आपण आजवर हसलो त्या विषयात, हे त्यांना खाऊ लागलं. त्यांनी दिवा वर चढवला, खाली उतरवला, तिरका केला. पाणी आता दर सकाळी बोटभर खाली जाई, आणि काळुराम रोज कॅन आणी.

मे संपत आला तेव्हा एका सकाळी काळुराम पेटी भरता भरता थांबला आणि त्याचा चेहरा उजळला.

"मास्तर! मीठ धरलंय की हो!"

काचेच्या कडेला, झाकणाला, चोकच्या वायरीला पांढरी किनार धरली होती. मोरोपंतांना ती दिसली नव्हती असं नाही, पण त्यांना वाटलं होतं नमिताच्या रंगाचे शिंतोडे असतील.

"दाना चांगला हाय," काळुराम बोटाने खरडून म्हणाला. "घरात मीठ पिकवलं असं पेनमंदी आजपातूर कोनी केलं नसंल. दिव्याची कमाल हाय."

मोरोपंत खुर्चीत बसले. "काळुराम, हे पाणी तू खाडीचं आणतोस ना?"

"खाडीचं?" काळुरामला हे लागलं. "मास्तर, भाविकाला तुमी शिकवलीत. तुमाला काय कच्चं पानी देऊ? मिठागराच्या दुसऱ्या कप्प्यातलं आनतो, ऊन खाऊन पिकलेलं, दाट. शेटलापन देत नाय मी ते!"

पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं. इयत्ता सातवीला मोरोपंत हा धडा घेत तेव्हा वर्ग रांगेने मिठागरावर नेत, आणि बांधावर उभे राहून हात पसरून तो समजावून सांगत. आता ते सगळे वर्ग त्यांच्या डोळ्यांसमोर ओळीने उभे राहिले आणि कोणीच हसत नव्हतं, हे त्यांना जास्त लागलं. वृंदाताई स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी पेटीत बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"अहो, खारट झालंय."

"समुद्राचं पाणी आहे, खारट असणारच!" मोरोपंत सवयीने म्हणाले.

"आमटी खारट झाली की आपण काय दिवे बदलतो?" वृंदाताई म्हणाल्या आणि आडाच्या पाण्याचा तांब्या आणायला गेल्या.

मोरोपंतांनी त्यांना अडवलं. एकदम गोडं पाणी घातलं तर जीव जातील, थोडं खारं काढून तेवढंच गोडं, हळूहळू, मोजून घालायचं. त्यांनी शाळेतून पाण्याची घनता मोजायची काचेची नळी मागून आणली. रोज ते नळी बुडवत, आकडा वाचत आणि मान हलवत. वृंदाताई जाता-येता एक वाटी खारं काढून एक वाटी गोडं ओतत आणि बोट चाटत. दोघांचं उत्तर जवळपास एकच येई, पण हे दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही. दिवा मोरोपंतांनी उतरवून ठेवला होता. नमिताला त्यांनी सांगितलं, "आता तुझ्या हाताला सवय झाली असेल." निळी ट्यूबही गेली. उरली ती खिडकी आणि वर दुसरी साधी ट्यूब. चौथ्या-पाचव्या दिवशी एका गोळ्याला झालर फुटली. मोरोपंतांनी कोणाला न सांगता खुर्ची पेटीजवळ ओढून घेतली आणि दुपारचं जेवण तिथेच मागवलं.

शनिवारी दोन फोन आले. पुष्करचा: "उद्या दुपारी येतो, पेटी बघायला." आणि आसावरीचा: "बाबा, उद्या मामंजी येतायत माझ्याबरोबर. दिवा बघायला. आठवडाभर तेच चाललंय, आमचा दिवा, आमचा दिवा. बाबा, दिवा लावलेला आहे ना?"

"आहे," मोरोपंत म्हणाले आणि शिडी शोधायला गेले.

रविवारी दुपारी दिवा पुन्हा छतावरून लोंबत होता, यार्डासारखा तळपत. खाली पेटीत बटणफुलं उघडली होती. सगळी नाही, पण पुष्कळ. हिरव्या झालरी पाण्यात हलत होत्या. हैबतराव पेटीसमोर पाय रोवून उभे राहिले. "आहाहा! बघा, मोरोपंत! मी काय म्हटलं होतं? ट्यूब म्हणजे रंग, उजेड म्हणजे हा!" त्यांनी गिरजाबाईंना हाक मारून आणलं, नमिताला बोलावलं. त्यांना घाम फुटला होता, रुमालाने मान पुसत ते दिव्याचे वॉट सांगत होते. आसावरी आईच्या मागे उभी राहून नि:श्वास टाकत होती.

पुष्कर याच वेळी आत आला. बॅग खाली न ठेवता तो पेटीपाशी गेला, वाकला, आणि एकेक झालर निरखू लागला.

"कोणी केलं हे?" त्याने विचारलं.

"अरे, दिवा!" हैबतराव म्हणाले. "आपला दिवा!"

आणि वीज गेली.

जास्त वेळ नाही, दोन घोट चहा पिण्याइतकीच. पंखा थांबला, पुन्हा फिरायला लागला, साधी ट्यूब लुकलुकून लागली. पण मर्क्युरी दिव्याची गोष्ट निराळी असते. तापलेला असताना विझला की गार होईपर्यंत तो पेटत नाही, हे हैबतरावांना सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. तो छतावरून काळा, गरम, मुका लोंबत राहिला. खिडकीतून दुपारचं सरळ ऊन येत होतं आणि त्यात बटणफुलं जशीच्या तशी उघडी होती. एकही मिटलं नव्हतं. उलट दिव्याचा पांढरा झोत गेल्यावर ती आणखीच हिरवी दिसत होती.

गिरजाबाईंनी दिव्याकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. नमिताने त्यांना कोपराने ढोसलं. हैबतराव पुन्हा मान पुसू लागले, पण मघाचा रुबाब त्यात नव्हता.

मोरोपंतांच्या आयुष्यात असा क्षण आला नव्हता. उत्तर तयार होतं, बाष्पीभवनापासून घनतेपर्यंत, आकृतीसह. समोर व्याही होते, ज्यांच्या दिव्यापायी त्यांनी कंडक्टरचं ऐकून घेतलं, साहेबांचं ऐकून घेतलं. आणि शेजारी पुष्कर उभा होता, ज्याला आपल्या बापाला काहीतरी समजतं हे दाखवायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मोरोपंतांनी घसा साफ केला. मग त्यांची नजर आसावरीवर गेली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"व्याही," मोरोपंत शांतपणे म्हणाले, "तुमच्या दिव्याची त्यांना आता सवय झालीय. बंद असला तरी उमलतात."

पुष्करने मान वळवून वडिलांकडे पाहिलं. ज्याने शाळेत चुकीच्या स्पष्टीकरणाला कधी अर्धा मार्क दिला नाही, त्या माणसाच्या तोंडून त्याने हे ऐकलं होतं. त्याने एकदा हैबतरावांकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि पुन्हा वडिलांकडे.

"होतं असं," तो म्हणाला. "एकदा चांगला उजेड मिळाला की पुढे काही दिवस त्यावर चालतं."

"मी म्हटलंच होतं!" हैबतराव गरजले, आणि त्यांचा रुमाल खिशात गेला.

वृंदाताई चहा टाकायला वळल्या. मोरोपंतांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. पुष्करने वडिलांच्या एखाद्या विधानाला मान उभी हलवली, अशी ही पहिलीच वेळ होती, आणि त्यासाठी त्याने नेमकं धादांत खोटं विधान निवडलं होतं.